ए. एल. म्हणजे काय

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या केल्सो फोर्क गावात त्या उन्हाळ्यात बघाल तिकडे एकच शब्द दिसत होता: बडी. विजेच्या खांबांवर बडी, पेट्रोलपंपाच्या कुंपणाला बडी, चर्चसमोरच्या हिरवळीत ओळीने रोवलेले बडीच बडी. आडनाव नाही, पद नाही, काही नाही. चार वेळा महापौर झालेल्या माणसाला आडनाव लागतंच कशाला?

निवडणुकीच्या कामावर आलेली टेसा मॅब्री त्या पाट्या रोज मोजायची. तिच्या उमेदवाराची एकही पाटी अजून छापून झाली नव्हती. कारण काय, तर उमेदवारबाई आपलं नाव सांगायला तयार नव्हत्या.

"सांगितलं की," बाई म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या शेंगा मोडत होत्या. "मिसेस ए. एल. ब्रॉडनॅक्स. छाप."

"पण ए. एल. म्हणजे काय?"

"ए. एल. म्हणजे ए. एल."

"अहो, ते झालं. पण त्याच्या मागे काहीतरी असेल ना? अ‍ॅना? अ‍ॅलिस?"

"शेंगा मोड. तोंडाबरोबर हातही चालू दे."

टेसाने शेंगा ओढून घेतल्या. हातात शेंग आणि डोक्यात एकच किडा. ती पार उत्तरेकडच्या मिनेसोटाहून आलेली, निवडणुकांची कामं करून पोट भरणारी मुलगी. तिकडे पहिल्या भेटीत लोक पहिलं नाव सांगतात आणि डॉक्टरलासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. "आजकाल सगळे पहिल्या नावावर निवडून येतात," ती म्हणाली. "बडी म्हटलं की लोकांना वाटतं, घरचाच माणूस. तुमचं ते मिसेस ए. एल. ब्रॉडनॅक्स वाचलं की वाटतं, बँकेची नोटीस आली."

"बँकेची नोटीस लोक नीट वाचतात तरी," बाई म्हणाल्या.

ब्रॉडनॅक्सबाईंनी गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या महापौरपदाला उभ्या राहिल्या त्या गटारापायी. गावाच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. पश्चिमेला गोरे राहतात, पूर्वेला काळे. पूर्वेकडे पाऊस झाला की संडासातलं पाणी परसात साचायचं, आणि बडी दर निवडणुकीला नाकाला रुमाल न लावता ते बघून जायचा, लोकांच्या पाठीवर थाप मारायचा, पुढच्या निवडणुकीपर्यंत गायब. गावात मतं जवळजवळ निम्मी निम्मी. बाईंना जिंकायचं तर पूर्वेकडची सगळी मतं हवी होती आणि वर पश्चिमेकडची मूठभर. त्या मूठभर मतांसाठी टेसाला एक गोड, घरगुती पहिलं नाव हवं होतं. गुरुवारपर्यंत पाट्या छापायला गेल्या नाहीत तर छापखानेवाला पुढच्या महिन्यात पाहू म्हणणार होता, आणि मतदान तर याच महिन्यात होतं.

टेसा इथे कामासाठी आली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तिचा बाप याच गावचा, पूर्वेकडच्या काळ्यांपैकी. सतरा वर्षांचा असताना गेला तो परत आला नाही, गावाबद्दल कधी अवाक्षर बोलला नाही, आणि गेल्या वर्षी वारला. आई स्वीडिश वंशाची, दुधासारखी गोरी. टेसाचा रंग मधलाच. त्यामुळे लहानपणापासून तिच्या वाट्याला एकच प्रश्न आला होता: तू काय आहेस? शाळेच्या बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, मित्राच्या आईसमोर, तू नक्की काय आहेस? जणू ती डब्यातली भाजी होती आणि ओळखायची होती. केल्सो फोर्कला आली त्या दिवशी पूर्वेकडच्या एका म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोणाची गं तू?"

"लुशियस मॅब्रीची."

"म्हणजे त्या ढांगा टाकत चालणाऱ्या मॅब्रींपैकी! तरीच. बस, जेवून जा."

काय आहेस नाही, कोणाची आहेस. टेसा त्या दिवशी गाडीत बसून ढसाढसा रडली होती, आणि का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तर बाई नाव सांगेनात म्हणून टेसाने गावात चौकशी सुरू केली. व्हर्ना पूलरच्या केस विंचरायच्या दुकानात शनिवारी बायकांची गर्दी असते. तिथे विषय निघायचा अवकाश, सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अ‍ॅलबामा लुईस," एक जण म्हणाली. "माझी आत्या शपथेवर सांगायची."

"छट्! एंजल लिली. पण बाईंच्या तोंडाकडे बघून एंजल म्हणायची कोणाची छाती आहे?"

"त्यांच्या नवऱ्याला तरी माहीत असेल?" टेसाने विचारलं.

"डीकन ब्रॉडनॅक्स? चर्चचा कारभारी तो, बिचारा मरेपर्यंत मिसेस ब्रॉडनॅक्स म्हणाला. बाईंनी मीठ जास्त घातलं तरी, 'मिसेस ब्रॉडनॅक्स, आज समुद्र आटवला का?'"

दुकान हसून लोळलं. कोपऱ्यात केस वाळवायच्या यंत्राखाली डोकं घालून बसलेल्या एका ऐंशीच्या बाईंकडे वळून टेसाने विचारलं, "पर्ल, तुम्हाला काय वाटतं?" दुकानातलं हसू वाटेत थांबलं. व्हर्नाने कंगवा खाली ठेवला.

"पोरी, त्यांच्या नावाला मूठ लाव."

"मूठ?"

"मिस पर्ल. नाहीतर मिसेस डोझियर. बिनमुठीची कढई धरली की हात भाजतो, लक्षात ठेव."

टेसाने माफी मागितली. मिस पर्लनी मान हलवली आणि सावकाश म्हणाल्या, "आमच्या तरुणपणी गोऱ्यांचं शेंबडं पोर दुकानात माझ्या आईला पर्लची आई सुद्धा म्हणत नसे, सरळ तिचं नाव घ्यायचं. आणि आईने त्या पोराला म्हणायचं, मिस्टर जिमी. आमच्यातल्या काहींनी मग पोरांची नावंच मिस्टर, मेजर, जज अशी ठेवली. गोरे मग म्हणतील कसे नाही! पण बाईंच्या नावात काय आहे, ते देवाला ठाऊक."

गोष्ट इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण टेसाचं कुतूहल मोठं वाईट. एकदा चाळवलं की तिला झोप येत नसे. सोमवारी ती पाट्या रोवायला खुंट्या आणायला गेली, ती नेमकी बडी हार्कनेसच्याच दुकानात, कारण गावात दुसरं हार्डवेअरचं दुकानच नव्हतं. बडी स्वतः गल्ल्यावर होता. माणूस वाईट नव्हता, आणि तीच तर टेसाची अडचण होती. त्याने खुंट्या मोजल्या, वर दोन जास्त टाकल्या आणि डोळा मिचकावून म्हणाला, "माझ्याविरुद्धच रोवणार ना? घट्ट रोव. वाऱ्याने पडल्या तर माझं नाव येईल."

टेसाला राहवलं नाही. "ए. एल. म्हणजे काय हो?"

"मला काय माहीत? माझ्या आईला विचार. ए. एल.ची आई आमच्याकडे स्वयंपाकाला होती."

आता जायला नको होतं. टेसाला ते कळत होतं. तरी दुपारी ती हार्कनेसांच्या पांढऱ्या घराच्या ओसरीवर बसलेली होती, हातात गोड गार चहा, समोर बशीत चीजच्या खुसखुशीत काड्या.

बडीची आई, मिस कोरीन हार्कनेस, नव्वदीच्या. ऐकायला थोडं कमी, बाकी तब्येत खणखणीत. त्यांनी टेसाचं तोंड निरखलं. "किती गोड दिसतेस गं. तू काय आहेस, बाळ? इटालियन का?"

टेसाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण उत्तर दिलं तर ही ओसरी, हा चहा आणि ही बोलकी म्हातारी तिघंही आवरतं घेतील, असं तिला वाटलं. ती हसली. चहाचा घोट घेतला. म्हातारीने ते हसणं हो म्हणून घेतलं.

"ए. एल.? आमच्या एल्सीची मुलगी ती! उन्हाळ्यात एल्सी तिला बरोबर आणायची. आमच्या आईने विचारलं, पोरीचं नाव काय? एल्सी म्हणाली, ए. एल., मॅडम. म्हणजे काय? म्हणजे तेच, मॅडम. आई अशी चिडली होती! पोरीला हाक काय मारायची? मग आम्ही आपलं शुगर म्हणायचो. फार गोड पोर, पण शुगर म्हटलं की ओ म्हणून द्यायची नाही. बहिरी आहे की काय असं वाटायचं आम्हाला."

"आणि एल्सी?"

"अगं, तीच तर गंमत आहे!" मिस कोरीन पुढे झुकल्या. ही घरातली आवडती गोष्ट असावी. शब्द कसे गुळगुळीत होऊन आले. "तिचं नाव मुळात एल्सी नव्हतंच. आमच्याकडे कामाला लागली तेव्हा ती कोरीन. सोळा वर्षांची. मग पुढच्या वर्षी मी झाले, आणि आजीवरून माझं नाव ठेवलं कोरीन. आता एका घरात दोन कोरीन कशा चालतील? आई हाक मारायची मला आणि येणार स्वयंपाकीण! म्हणून मग ती एल्सी झाली. माझ्या लग्नानंतर माझ्याबरोबर या घरी आली, तरी जन्मभर एल्सीच. मेली तेव्हा आम्ही मोठा हार पाठवला, त्यावरही एल्सीच घातलं. काडी घे ना आणखी."

टेसाने काडी घेतली. ती तिने रुमालात गुंडाळून ठेवली.

छोट्या गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. टेसा उतरली होती बाईंच्याच घरी. ती संध्याकाळी पोचली तोवर ब्रॉडनॅक्सबाईंना सगळं कळलेलं होतं.

"हार्कनेसांच्या ओसरीवर चहा प्यायलीस म्हणे."

"हो."

"तिला तू कोण वाटलीस?"

टेसाने मान खाली घातली. "इटालियन."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

बाईंनी बराच वेळ भांडं घासलं. टेसाला वाटलं, आता आपली बॅग दाराबाहेर. शेवटी पाणी बंद करून बाई वळल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "काही न बोलता तिथे बसता येतं, हे आज तुला कळलं. मला या रंगाने ते कधी जमण्यासारखंच नव्हतं, म्हणून मला तुझा राग येतोय आणि थोडा हेवाही वाटतोय. असो. बस."

टेसा बसली.

"माझी आई त्या घरी एल्सी नावाला ओ द्यायची," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी रूळ ओलांडून घरी आली की माझे वडील अंगणातूनच मोठ्याने ओरडायचे, 'कोरीन! कोरीन आली का?' समोर दिसत असायची, तरी ओरडायचे. गल्लीत सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मी झाले तेव्हा आई म्हणाली, या पोरीचं नाव मी उघड्यावर ठेवणार नाही. उघड्यावर ठेवलं की कोणीही उचलून नेतं."

"म्हणजे नाव आहे?" टेसा पुढे सरकली. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण जिभेला हाड नसतं.

बाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच. "आईने रिकाम्या पेटीला कुलूप घातलं, पोरी. अख्खं गाव इतकी वर्षं कुलपाशी झटतंय. आत काही नाही. पाद्रीबाबांनीही बाप्तिस्मा दोन अक्षरांचाच दिला."

"मग घरात आई तुम्हाला काय म्हणायच्या?"

बाईंनी हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "मिस," त्या म्हणाल्या. "पाळण्यात होते तेव्हापासून. 'उठा मिस, दूध प्या मिस.' आमच्या गल्लीतली पहिली मिस मी. वय सहा महिने."

टेसाने त्या रात्री छापखान्याला काहीच कळवलं नाही. काय छापायचं, हे तिलाच कळेनासं झालं होतं.

बुधवारी शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची सभा होती. उकाडा मरणाचा. लोक पुठ्ठ्याचे पंखे हलवत होते. हे पंखे अंत्यविधीची व्यवस्था करणारी दुकानं फुकट वाटतात, आणि या गावात मेल्यावरही दुकानं दोन, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. त्यामुळे डाव्या बाजूला काळ्यांचे निळे पंखे आणि उजव्या बाजूला गोऱ्यांचे पिवळे, कोण कुठे बसलंय ते आंधळ्यालाही वाऱ्यावरून कळलं असतं. पहिल्या रांगेत मिस कोरीन, मोत्यांची माळ घालून.

बडी आधी बोलला. हशा मिळवत, खांद्यावर कोट टाकून. "आपण सगळे घरचेच आहोत. मला बडी म्हणा. आणि ए. एल.," तो बाईंकडे वळला, "तुला काय म्हणू गं? आई कालच सांगत होती, आमच्या घरी तुला शुगर म्हणायचे."

त्यात खोट नव्हती. तो खरंच लाडाने म्हणाला, आणि तेच जास्त वाईट होतं. निळे पंखे एकदम थांबले. हे कोणामुळे झालं? म्हातारीच्या आठवणी कोणी उकरल्या? टेसाला जमीन दुभंगावी असं वाटलं.

ब्रॉडनॅक्सबाई उठल्या. चष्मा लावला. बडीकडे बघितलं.

"मिस्टर हार्कनेस, सातवीत तुम्ही कुठे बसायचात?"

बडी गडबडला. "खिडकीपाशी, मॅडम." मॅडम आपोआप निघालं.

"अपूर्णांकांची बेरीज यायची?"

"नाही, मॅडम."

हॉलमध्ये खसखस पिकली.

"मग अडलं की हात वर करून मला काय म्हणायचात?"

बडीचं तोंड टोमॅटोसारखं झालं. पण माणूस खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. "मिसेस ब्रॉडनॅक्स," तो म्हणाला.

"मग तेच चालू द्या. नवीन कशाला शोधायचं?"

आणि हॉल फुटला. निळे हसले, पिवळेही हसले, कारण साठीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी तस्साच हात वर केला होता आणि तेच म्हटलं होतं. टेसा हसता हसता थबकली. आपण आठवडाभर गावाला ओळखीचं नाव शोधत होतो, आणि ते अख्ख्या गावाला लहानपणापासून पाठ होतं!

बाईंनी हात वर केला. हॉल शांत झाला, सवय होती.

"या गावात आधी विचारतात, कोणाची तू. तर सांगते. मी ए. एल. ब्रॉडनॅक्स. माझ्या आईने हार्कनेसांच्या घरी जन्मभर स्वयंपाक केला. तिथे तिला एल्सी म्हणत. तिचं नाव एल्सी नव्हतं. तिचं नाव कोरीन. मी कोरीनची मुलगी." त्यांनी कागद पुढे ओढला. "आता गटाराकडे येऊ."

पहिल्या रांगेतला एक पिवळा पंखा हलायचा थांबला. सभा संपेपर्यंत तो परत हलला नाही. टेसा तेवढ्यावरच नजर ठेवून होती.

गुरुवारी पाट्या छापायला गेल्या. त्यांवर दोनच शब्द: मिसेस ब्रॉडनॅक्स. पश्चिमेकडच्या अंगणांतही पाच-सहा दिसायला लागल्या, एक तर बडीच्या पाटीला खेटूनच. बाई थोडक्या मतांनी जिंकल्या, हे आताच सांगून टाकलेलं बरं. आणि गटाराचे पाईप आले ते वर्षभराने, तेही अर्धेच. पण टेसाला त्या निवडणुकीतलं जे आठवतं ते निकालाच्या आधीचं.

मतदानाच्या दिवशी ती नियमाप्रमाणे चर्चच्या हॉलपासून लांब, झाडाखाली उभी होती. हार्कनेसांची गाडी आली. मिस कोरीन उतरल्या, बडीचा हात झटकला आणि काठी टेकत हॉलकडे न जाता सरळ झाडाकडे आल्या.

"तू ती इटालियन मुलगी ना?"

टेसा झाडाखालून दोन पावलं पुढे आली. "नाही, मॅडम. मी लुशियस मॅब्रीची मुलगी. रुळापलीकडच्या मॅब्रींची."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसासारखंच निरखून, फक्त यावेळी जास्त वेळ. टेसाने नजर हलवली नाही.

"त्या दिवशी सभेत ती म्हणाली, मी कोरीनची मुलगी," मिस कोरीन म्हणाल्या. "मला झोप नाही गं तेव्हापासून. मला कानाने नीट ऐकू येत नाही. ती म्हणाली ती कोरीन, ती कोणती?"

"पहिली, मॅडम," टेसा म्हणाली.